अर्धा चोक

परवा कॉलेज रोडला एक पांढरी पद्मिनी गाडी उभी दिसली. काच खाली होती, म्हणून सवयीने आत डोकावलो. डॅशबोर्डखाली चोकचा नॉब बाहेर ओढलेला, आणि त्याच्या मागच्या उघड्या दांडीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. लाकडी. मालक आसपास नव्हता, पण माणूस आपल्यातला आहे एवढं कळलं. नॉबची पकड झिजली की इंजिनाच्या थरथरीने तो आपोआप आत सरकत जातो आणि गाडी नेमकी चौकात मान टाकते. बाजारात याला इलाज मिळतो. चिमटा घरात असतो.

चोक हा शब्द आपल्याकडे मोरीमुळे बदनाम. मोरी चोकअप झाली म्हणजे दिवस वाया. गाडीत मात्र गळा आवळल्यावरच दिवस सुरू व्हायचा. इंजिनाला एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा लागते, पण गारठ्यात पेट्रोलची वाफच होत नाही, ते वाटेतच भिंतींना चिकटून बसतं. मग हवा कमी करून पेट्रोल वाढवायचं. बहुतेक गाड्यांत त्यासाठी कारबोरेटरच्या तोंडावर एक पाकळी असते. आमच्या पद्मिनीतल्या सोलेक्स कारबोरेटरला ती नव्हती. त्याच्या कुशीत दुसरा छोटा कारबोरेटरच होता म्हणा ना: भोकं पाडलेली एक चकती आणि तिचा स्वतंत्र जेट. नॉब ओढला की चकती फिरायची, भोकं समोरासमोर यायची, आणि इंजिन आपल्याच ओढीने दाट मिश्रण खेचून घ्यायचं. म्हणजे आम्ही आयुष्यभर ज्याला चोक म्हणालो, त्यात कोणी कोणाचा गळा दाबतच नव्हतं. आणि ही ओढ टिकायची ती अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असेल तरच.

हे माझ्या वडिलांना, आप्पांना, माहीत होतं. बाळूकाकाला नव्हतं.

डिसेंबर होता. नाशकात त्या दिवसांत पारा दहाच्या खाली उतरतो. बाळूकाकाची मुंबईला मुलाखत होती, आणि त्याला पंचवटी एक्स्प्रेसवर सोडायला आम्ही पहाटे अंगणात उभे होतो. आप्पांनी रात्री टपावर टाकलेलं गोणपाट काढलं, चोक पूर्ण ओढला आणि आत आईला हाक मारायला गेले. तेवढ्यात बाळूकाका स्टेअरिंगवर बसला, किल्ली फिरवली आणि घाबऱ्या माणसाच्या घाईने अ‍ॅक्सिलरेटर दाबत सुटला. सेल्फ नुसता रडला. अंगणभर कच्च्या पेट्रोलचा वास.

"पाय लावू नकोस रे!" आप्पा आतूनच ओरडले.

"दादा, मी फक्त जरासा..."

"जरासाही नाही!"

मग चारही प्लग काढले. काळे, ओले. आईने ते चिमट्यात धरून गॅसवर तापवले, शेजारच्या शेगडीवर चहा होता. आजही आलं घातलेल्या चहाच्या वासात मला थोडं पेट्रोल येतं. प्लग परत बसवले, चोक ओढला, पाय कोणी लावला नाही, आणि दुसऱ्या सेल्फला गाडी खाकरून उठली. मला पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसवलं आणि हुद्दा दिला: वाटेत अशोक स्तंभाला चोक अर्धा, शालिमारला पूर्ण आत. बारा वर्षांच्या मुलाला याहून मोठी नोकरी मिळत नाही.

अशोक स्तंभाला मी नॉब अर्धा सारला. शालिमारला झोप लागली.

द्वारका चौकाच्या पुढे आप्पांनी आरशात पाहिलं तर मागे काळा धूर. ते काही बोलले नाहीत, फक्त हात लांबवून नॉब आत ढकलला. बाळूकाकाला पंचवटी मिळाली. मुलाखतीच्या शर्टाला मात्र पेट्रोलचा वास येत होता आणि तो डब्याच्या दारात उभा राहून शर्ट वाऱ्यावर धरत होता. ती नोकरी त्याला मिळाली नाही. नंतर वेगळी मिळाली, बरी मिळाली. तरी प्रत्येक लग्नात तो मला "काय चोकसाहेब" म्हणतो आणि मी अजूनही ओशाळतो.

आप्पांमागे गाडी माझ्याकडे आली. दोन वर्षांपूर्वी चोकची केबल जाम झाली, तेव्हा हुशारी करून मी सायकलच्या ब्रेकची तार आणून घातली. नॉब ओढला, छान. आत ढकलला, तार मधेच वाकली. चकती उघडीच राहिली, गाडी भकाभक धूर ओकत घरी आली. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी तार बोटांत फिरवून पाहिली. "साहेब, ही विणलेली आहे. हिला ओढता येतं, ढकलता येत नाही. चोकला एकेरी कडक तार लागते." त्यांनी तशी तार आऊटरमधून सरकवली, तेलाचे चार थेंब सोडले आणि चकतीच्या लिव्हरवर स्क्रू आवळण्याआधी केसभर ढील ठेवली. ढील नसेल तर नॉब पूर्ण आत गेला तरी चोक पूर्ण बंद होत नाही. गाडी पेट्रोल पीत राहते आणि आपण पंपवाल्यावर संशय घेतो. वर हे जादाचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये जाऊन बसतं, ते वेगळंच.

त्यांचा पोरगा म्हणाला, ऑटोमॅटिक चोकचा कारबोरेटर बसवून घ्या, गरम झाला की चोक आपला आपण बंद होतो. असतात तसे, दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग तापते आणि पाकळी उघडते. परदेशात मात्र जुन्या गाड्यांचे हौशी लोक नेमकी तीच स्प्रिंग काढून तिथं हाताची केबल बसवतात. मला त्यांचं पटतं. शालिमार कुठं आलं हे स्प्रिंगला काय कळणार? मलाही कळलं नव्हतं म्हणा.

तसेही चोकचे दिवस सरले. मुंबईत शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. अशा टॅक्सींतल्या कितीतरी सीएनजीवर धावत होत्या, आणि गॅसला चोक लागतच नाही, तो आधीच वायू.

कॉलेज रोडच्या त्या चिमट्याचं मात्र मी घरी येऊन करून पाहिलं. प्लॅस्टिकचा घेऊ नका, उन्हात उभ्या गाडीत तडकतो. लाकडीच घ्या.