बगॅस, वाफ आणि रात्रीची लाइट

माझी अप्रेंटिसशिप इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कोजनमध्ये झाली. सोबतची पोरं सोलरच्या कंपन्यांत गेली, मी उसाच्या चोथ्यात.

दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग गव्हाणीत मोळी पडते. शंभर किलो ऊस गाळला की तीसेक किलो बगॅस उरतो, त्यात निम्मं पाणी. तोच जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन. बाहेर पडलेल्या वाफेवर पुढं रस आटवायचा. पुस्तकात ही एका पानाची आकृती होती. इथं बगॅस ओला आला की प्रेशर उतरायचं आणि मिलला फोन जायचा, 'पाणी कमी मारा.' पण पाणी कमी केलं की साखर बगॅसमध्ये जाते, म्हणून मिलवाले काका ऐकायचे नाहीत. रोजचं भांडण. खरं इंजिनिअरिंग मी त्यातच शिकलो.

गरज भागून उरलेली वीज ग्रिडला जायची. आणि बारामतीकडे आमच्या गावात आण्णा रात्री दोनला बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघायचे, कारण त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची.

"आपल्याच उसाची लाइट ना ती? मग दिवसा का देत न्हाईत?"

मी फीडर, लोड सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

ही वीज हरित, हे मान्य. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने पाणी पितो, आणि ते पाणी आमच्या युनिटच्या हिशोबात कधीच नसायचं.

आता मी पुण्यात कोड लिहितो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. आमच्या फीडरचा नंबर कधी, हे विचारायला आण्णा मला येत्या सुट्टीत सबस्टेशनला पाठवणार आहेत.