नखं कुणी बघितलीच नाहीत

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आता पूर्ण मिटत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सोरायसिस कॉलेजपासूनचा. कोपरं, गुडघे, डोक्यात खवले, थंडी पडली की जास्त. मलमं, डांबराचा शाम्पू, रक्तशुद्धीचे काढे, वांगं बंद. ज्याला आहे त्याला हे सांगायला नको. चट्ट्यांचं मला तसं काही वाटत नसे.

मग ते बोट सुजलं. एखादा सांधा नव्हे, मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खं बोट. सकाळी तासभर मूठ वळेना. हाडांच्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड तपासलं, ते किंचित वाढलेलं निघालं. झालं! डाळी बंद, गोळ्या सुरू. सूज जागच्या जागी. मग आरए फॅक्टर. तो निगेटिव्ह. "तुम्हाला संधिवात नाही." हे ऐकताना माझं चट्टेवालं कोपर त्यांच्याच टेबलावर टेकलेलं होतं! त्वचेच्या डॉक्टरांना बोट दाखवलं, तर म्हणाले, "ते हाडवाल्यांना विचारा." असा मी दोन दवाखान्यांत टोलवला जात होतो आणि बोट आतून झिजत होतं.

शेवटी पुण्यातल्या एका संधिवाततज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या आधी म्हणाल्या, "नखं दाखवा." नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे होते. मी बुरशी समजत होतो. निदान झालं सोरायटिक आर्थ्रायटिस. सोरायसिसच्या ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना तो होऊ शकतो, आणि त्यात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच येतो. बाईंनी साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, यकृत सगळं तपासायला लावलं. "कातडीच्या रोगाला कोलेस्टेरॉल कशाला?" मी विचारलं. बिथरलेली असते ती प्रतिकारशक्ती; दाह कातडीपाशी थांबत नाही, आजार तीव्र असेल तर हृदयविकाराचा धोकाही वाढतो, असं त्यांनी समजावलं.

आणि चट्ट्यांचं काही वाटत नसे म्हणालो, तेही तितकंसं खरं नाही. भाचीच्या लग्नात पंगतीत वाढताना एका मावशींनी माझ्या हातातलं भाताचं पातेलं काढून घेतलं. हा रोग स्पर्शानं पसरत नाही, हे सांगायला तोंड उघडलं, पण पंगत पुढे सरकली होती. बोटापेक्षा ते जास्त दुखलं.

या आजारावर मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेततं. आणि सोरायसिस असेल, सकाळी सांधे आखडत असतील, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. नखं आपणहून पुढे करा.