वळवाच्या आधी बुंधा पाहा

९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी वादळी पावसात जुना कडुनिंब मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कोसळला आणि सात जण दगावले. आठच दिवसांनी पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला होर्डिंग पडून पाच जण गेले. एकीकडे झाड, दुसरीकडे लोखंड. माणसे मात्र दोन्हीकडे पावसापासून आडोसा घेऊनच उभी होती.

झाड धोकादायक आहे का, हे ठरवताना म्हणूनच आधी त्याच्या खाली पाहावे. माळावरचा पोकळ वड खुशाल उभा राहू द्यावा. तोच भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत, शिफ्ट सुटताना कामगार बसची वाट पाहतात तिथे असेल, तर हिशेब बदलतो.

ढोली दिसली की सोसायटीच्या सभेत कुणीतरी ‘तोडून टाका’ म्हणतोच. पण झाडाचा भार मुख्यतः बाहेरचे लाकूड पेलते. क्लाऊस मॅटेक या जर्मन अभ्यासकाने पडलेली आणि तगलेली झाडे तपासून एक ठोकताळा दिला: शाबूत लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या सुमारे तीस टक्क्यांहून कमी झाली, की मोडण्याचा धोका वाढतो. खरी भीती पुष्कळदा जमिनीलगत असते. झाड नव्याने कलू लागणे, कललेल्या बाजूच्या विरुद्ध माती उचलली जाणे, बुडाशी अळंबी उगवणे, केबलच्या चरात मुळे तुटणे. गुलमोहराची मुळे मुळात उथळ. त्याच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक भिडवले आणि एका बाजूने चर खणला, तर त्याने उभे राहायचे कशाच्या आधारावर? बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या प्रकरणात २०१३ मध्येच बजावले होते.

झाड धोकादायक वाटले की सर्रास होणारा उपाय म्हणजे शेंडा उडवून झाडाचे मुंडण करणे. हा सगळ्यात वाईट. कापल्या जागी कुज शिरते, तिथूनच भराभर फुटलेल्या फांद्यांचा जोड कच्चा राहतो आणि काही वर्षांत त्याच मोडून पडतात. विजेच्या तारांसाठी एकाच बाजूने केलेली तोड झाडाचा तोल घालवते. वाळलेल्या, चिरलेल्या, फार लांब गेलेल्या फांद्या बुडाशी असलेला फुगवटा राखून काढणे, हीच खरी छाटणी. मुळेच गेली असतील तर मात्र छाटणीने वेळ काढू नये. झाड उतरवावे.

झाड ठेवायचे की उतरवायचे, हा निर्णय आता पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वारंवार घ्यावा लागणार. साठच्या दशकात सुमंत मुळगावकरांनी इथल्या उजाड माळावर टेल्कोचा कारखाना उभारताना झाडे लावून घेतली. पुढे नवनगर विकास प्राधिकरणाच्या रस्त्यांवरही ती आली. त्या पिढीची झाडे पन्नाशीला पोहोचली आहेत, आणि महाराष्ट्राच्या झाडांविषयीच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नाशीचे झाड म्हणजे वारसा वृक्ष. ते तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. तरतूद चांगली आहे, पण रोपाची सावली पडायला वर्षे जातात. त्यामुळे तपासणीशिवाय तोड नको आणि तपासणीत दोष सापडल्यावर टाळाटाळही नको.

वळीव एप्रिल-मेमध्ये येतो. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे तपासणीचा अर्ज त्याआधीच, फेब्रुवारीत द्या. पाहणीला कुणी आले, तर शेंड्याकडे बोट दाखवण्याआधी त्यांना बुंध्याजवळचा एक पेव्हर ब्लॉक उचलून दाखवा.