आठ वाजले

युनिक्सच्या वंशातील संगणकांत ‘क्रॉन’ नावाचा एक प्रोग्रॅम असतो. १९७९ च्या सातव्या युनिक्समध्येही तो होता. पडद्यावर तो कधी दिसत नाही. दर मिनिटाला जागा होतो, आपली यादी वाचतो, त्या मिनिटाचे काही काम असल्यास करतो आणि पुन्हा झोपतो. यादीतल्या प्रत्येक ओळीत वेळेचे पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रकान्यात तारांकन टाकले की अर्थ ‘प्रत्येक’. शून्य, वीस आणि पुढे तीन तारे लिहिले, की रोज रात्रीचे आठ. काळाचे इतके आटोपशीर व्याकरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

गावी एकट्या राहणाऱ्या आईला रक्तदाबाच्या गोळीची आठवण राहीना, तेव्हा आम्ही घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून हे व्याकरण कामाला लावले. बोलण्यासाठी ‘ईस्पीक’ घेतला. हा प्रोग्रॅम माणसाच्या ध्वनिमुद्रित आवाजाचे तुकडे जोडत नाही, नियमांनी ध्वनी घडवतो. म्हणून आकाराने चिमुकला, आणि मराठीही बोलतो. ‘आज’ आणि ‘जेवण’ यांतला ज लिपीत एकच, उच्चारात दोन. याने दोन्हीकडे एकच चालवला. असो.

खरी अडचण उच्चाराची नव्हती, क्रियापदाची होती. प्रथम ‘गोळी घे’ असे लिहिले. आई फोनवर म्हणाली, “हा कोण मला एकेरीत सांगणारा?” ‘गोळी घ्या’ केले, तर तिला दवाखान्यात असल्यासारखे वाटू लागले. ‘गोळी घेतली का?’ या प्रश्नाला तिने दोन दिवस मोठ्याने उत्तर दिले. मग ऐकणारे कोणी नाही हे ध्यानात येऊन ती ओशाळली. अखेर ‘आठ वाजले’ एवढेच ठेवले. आज्ञार्थाचे प्रत्यय आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो; बोलणारा कोणीच नसेल तर आज्ञार्थाचे काय होते, हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

पुढे आईने एकादशी सांगायला लावली. तिथी सुमारे १९ ते २६ तासांची, दिवसाच्या कोणत्याही घटकेला सुरू होणारी. पाच रकान्यांत ती बसेना. पंचांग समोर ठेवून २४ ओळी हाताने लिहिल्या. अधिक मास असेल त्या वर्षी २६. त्यातून क्रॉनला वर्षाचा रकानाच नाही, म्हणजे पुढच्या वर्षी सगळ्या खोडून नव्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी रक्ततपासणी असे, तेव्हा तारीख १ ते ७ आणि वार सोमवार असे घातले. क्रॉन या दोहोंत ‘आणि’ नव्हे, ‘किंवा’ वाचतो. पहिला आठवडाभर रोज सकाळी तपासणीची वर्दी ऐकून आई हैराण झाली. वीज गेली असेल तर हुकलेले काम तो मागाहून करीत नाही, हेही अनुभवाने कळले.

आठची ओळ मात्र चोख चालली. दिवाळीत घरी गेलो तेव्हा गोळ्यांची पाकिटे मोजून पाहिली; एकही गोळी चुकली नव्हती.

या व्यवस्थेपूर्वी रात्री आठला आम्ही फोन करीत असू. ‘आई, गोळी घेतलीस का?’ हे पहिले वाक्य, आणि त्यामागून विहिरीचे पाणी, शेजारणीची सून, नारळ उतरवणाऱ्याचा भाव असे वीसेक मिनिटे. क्रॉन आल्यावर फोन एकाआड एक दिवस झाला, मग रविवारचा. आम्हांस ते जाणवलेही नाही. दिवाळीत पाकिटे परत डब्यात ठेवताना आई सहज म्हणाली, “गोळीचं तो बघतो. तू आता मोकळा झालास.”

ओळीच्या आरंभी एक जाळीदार खूण टाकली की ओळ यादीत राहते, पण क्रॉन ती वाचत नाही. परतल्यावर आठच्या ओळीला आम्ही दुरूनच ती खूण लावली, आणि आमच्या विसराळूपणावर भरवसा नसल्यामुळे खाली नऊची एक नवी ओळ घातली. त्या रात्री आठला फोन केला.

“आज तो बोलला नाही,” आई म्हणाली. “बिघडला का रे?”

आम्ही हो म्हटले.

“एकादशीचं तरी सांगेल ना?”