गाडीची मती गुंग होते तेव्हा

मैत्रिणींनो, मिक्सर फिरेनासा झाला तर आपण काय करतो? आधी बटण बघतो, मग प्लग हलवून बघतो, दुसऱ्या पॉइंटला लावून बघतो. एवढं सगळं केल्यावाचून कुणी नवा मिक्सर आणायला धावत नाही. मग चारचाकीच्या बाबतीत आपली ही शहाणी बुद्धी कुठे जाते कोण जाणे! बोनेट उघडलं की आपण दोन पावलं मागे सरकतो. मीही सरकत होते, 2024 च्या पावसाळ्यापर्यंत.

आम्ही चिपळूणला राहतो. ह्यांची नोकरी लोट्याला कारखान्यात, पाळ्यांची. मी घर सांभाळून अर्धवेळ शिकवते. सासूबाईंना हृदयाचं दुखणं आहे, त्यामुळे दर दोन महिन्यांनी त्यांना कऱ्हाडला तपासणीला न्यावं लागतं. ह्यांना रजा मिळेलच असं नाही, म्हणून कुंभार्ली घाटातून गाडी न्यायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला भीती वाटायची, पुढे सवय झाली.

जुलै महिना. पोफळी मागे टाकली नि घाट चढू लागलो. पाऊस असा, की पुढची बस दिसेना. एका वळणावर दरड कोसळली होती. ती बाजूला करेपर्यंत वाहनांची रांग लागली. पेट्रोल उगाच कशाला जाळायचं म्हणून मी इंजिन बंद केलं. दिवे आणि वायपर मात्र चालू ठेवले. वीसेक मिनिटांनी रस्ता मोकळा झाला. मी किल्ली फिरवली, तर इंजिनाऐवजी नुसतं टक्-टक्-टक्! समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, लाल, पिवळे, दिवाळीसारखे. वायपर अर्ध्या काचेवर थांबले. स्क्रीनवर मघाच्या गाण्याचं नाव गोठून राहिलं. काचा खाली होईनात.

"काय झालं गं?" मागून सासूबाई.

"गाडी हँग झाली, आई."

"म्हणजे?"

"म्हणजे... तिची मती गुंग झालीये."

त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "मला कोंडल्यासारखं होतंय." मागच्या दाराला मुलासाठी चाइल्ड लॉक लावलेलं, म्हणजे ते आतून उघडत नाही. माझ्या तर काळजाचं पाणी झालं. हँडब्रेक घट्ट ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. माझ्या दाराचा खटका हाताने उघडून बाहेर पडले. मग पुढूनच मागे हात घालून त्यांच्या दाराचा खटका वर केला आणि ते बाहेरून उघडलं. मागच्या ट्रकच्या क्लीनरने चाकाखाली दगड लावला. दहा मिनिटं सगळं बंद करून, किल्ली काढून ठेवली. पुन्हा फिरवली, तर पहिल्या झटक्यात सुरू! जणू काही झालंच नव्हतं.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. परत आल्यावर गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी डॅशबोर्डच्या खालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. त्यावर एक ना दोन, अकरा कोड उमटले. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा, सगळ्यांचेच. बॅटरी तपासली तर 12.5 व्होल्ट, म्हणजे ठीक. निदान झालं: "मेन कॉम्प्युटर गेलाय. 42 हजार."

मैत्रिणींनो, आमच्यासारख्या घरात 42 हजार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तेवढीच रक्कम आम्ही सासूबाईंच्या पुढच्या उपचारांसाठी बाजूला ठेवली होती. हे म्हणाले, "देऊन टाकू. तुम्ही दोघी घाटात अडकलेल्या मला चालणार नाहीत." त्यांचं म्हणणं काळजीपोटी होतं. पण माझ्या मनाला काही पटेना. मी म्हटलं, "थोडे दिवस थांबू या." तर म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं?"

खरंच, मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी बी.ए. झालेली, तीही मराठी घेऊन. पण वर्गात शिकवताना एक गोष्ट पक्की कळली आहे. एका मुलाचं उत्तर चुकलं तर चूक त्या मुलाची. सगळ्या वर्गाचं एकाच वेळी चुकलं, तर मुलांना बोल लावण्याआधी फळ्यावरचा प्रश्न तपासावा. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, स्क्रीन असे सगळे एकाच क्षणी कसे बिघडतील? या सगळ्यांना सामाईक असं काय आहे, ते बघायला नको का?

गॅरेजमधले अकराही कोड मी उतरवून घेतले होते. त्याच वहीत रोजची नोंद सुरू केली. तारीख, पाऊस होता का, गाडी किती वेळ उभी होती, दिवे-एसी चालू होते का आणि काय झालं. वाणसामानाचा हिशेब ठेवतो तसाच. घाटाच्या वाटेला मात्र गेले नाही, गावातच फिरवली. तीन आठवड्यांत आठ वेळा गाडी गुंगली. आठही वेळा किल्ली फिरवतानाच, पळताना एकदाही नाही. त्यातल्या सात वेळा रात्रभर पाऊस पडलेला.

वही घेऊन मी बाजारपेठेतल्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांची नात माझ्या वर्गात आहे. त्यांनी चष्मा लावून वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग कोडांच्या यादीवर बोट ठेवलं. "बाई, हे यू अक्षराने सुरू होणारे कोड म्हणजे एका डब्याला दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. आणि हा शेवटचा बघा, पी 0562. व्होल्टेज कमी पडलं. उत्तर तर यातच होतं!"

"पण बॅटरी चांगली आहे म्हणाले."

"बॅटरी चांगलीच आहे. पण टाकी भरलेली असून नळाला पाणी नाही, असं होत नाही का?"

मग त्यांनी समजावलं, ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. वीज एका वाटेने जाते आणि दुसऱ्या वाटेने परत येते. गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच. बॅटरीच्या काळ्या, म्हणजे निगेटिव्ह टोकापासून एक जाड वायर निघते आणि बोल्टने सांगाड्याला नि इंजिनाला जोडलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. स्क्रीन चालायला जेमतेम एक-दोन अँपिअर पुरतात. पण इंजिन सुरू करणारी मोटर क्षणभर दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढते. त्या वाटेत गंजामुळे एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा जरी अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच वाया जातात. खेड्यात पिठाची गिरणी सुरू झाली की घरचे दिवे मंद होतात ना, तसंच. दिवा मंद झाला तर बिघडत नाही, पण गाडीतले छोटे कॉम्प्युटर तेवढ्यानेही गांगरतात. कुणी बंद पडतो, कुणी अर्धवट चालू राहतो, एकमेकांचे निरोप पोचत नाहीत. मग जो तो आपापला दिवा पेटवून तक्रार करतो.

गाडी नुसती उभी असताना बॅटरी मोजली, तर हा दोष दिसतच नाही. म्हणून त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट म्हणजे फार झाला. मीटरवर आले 2 व्होल्ट!

टोकं पुसली, फारसा फरक नाही. मग त्यांनी ती काळी वायर चाचपत चाचपत खाली नेली. बॅटरी ठेवायचा पत्रा काढला. त्याखाली बोल्टभोवती हिरवट-पांढरी बुरशी आणि त्यामागे वाळलेला, पिवळट गाळ.

तो गाळ बघून मी गप्पच झाले. तो कुठला, हे चिपळूणच्या बाईला सांगावं लागत नाही. 22 जुलै 2021 चा महापूर. आमची गल्ली जरा उंचावर, म्हणून घर वाचलं. पण गाडीत पाणी शिरलं होतं. सीट उन्हात वाळवल्या, गालिचे बदलले, सगळं स्वच्छ झालं असं समजून आम्ही मोकळे झालो. आणि तो गाळ तीन वर्षं मुकाट्याने एक बोल्ट खात बसला होता! दुखणी तरी आणखी काय वेगळी असतात?

नवी अर्थिंगची वायर, बोल्ट, घासणं-पुसणं, ड्रायव्हरच्या पायाखालचे जोड उघडून साफ करणं, सगळं मिळून 650 रुपये. मीटरवर आता 0.1 व्होल्ट. त्यांनी सगळे कोड पुसले आणि ते परत आले नाहीत. त्यानंतर घाटातून सासूबाईंच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. ह्यांनी तेव्हा काही बोलून दाखवलं नाही. पण चारच दिवसांनी घरचा पंखा कुरकुरायला लागला, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी मला म्हणाले, "तुझ्या वहीत नोंद कर गं." मला तेवढं पुष्कळ झालं!

आता तुमच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी.

नुसती स्क्रीनच गोठली आणि बाकी गाडी ठीक असेल, तर घाबरू नका. बहुतेक गाड्यांत स्क्रीनचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की ती बंद होऊन पुन्हा सुरू होते. आपल्या गाडीचं पुस्तक एकदा उघडून नेमकी रीत बघून ठेवा. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून राहण्यासाठी दिलेलं नसतं!

उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4. चालू गाडीतही 13 च्या खाली असेल, तर बॅटरी भरली जात नाही असं समजा.

टोकांवर पांढरी बुरशी दिसली तर गाडी बंद करून, अंगठी-बांगड्या काढून कामाला लागा. आधी निगेटिव्ह वायर सोडवायची, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. कारण निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातघाशीने घासा. सोडा बॅटरीतलं आम्ल मारतो. पुसून कोरडं करा, वायरी घट्ट जोडा आणि वरून जरा व्हॅसलिन लावा. नंतर घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागेल. काही रेडिओ कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. आणि हो, विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रीड गाडीतल्या नारिंगी वायरींना कधीही हात लावू नका. ते काम जाणकाराचं.

बटणाच्या रिमोटची गाडी असेल तर रिमोटमध्ये दडवलेली साधी किल्ली कुठे असते ते पाहून ठेवा. बॅटरी पार उतरली की तीच दार उघडते. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक कुणाच्या बाजूला आहे, तेही लक्षात असू द्या.

आणि पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली चुकूनही फिरवू नका. ओल्या वायरींत वीज खेळली की जळायचं तेही जळतं. पाणी ओसरल्यावर जाणकाराकडून आधी बॅटरी सोडवून घ्या आणि गालिच्याखालचे जोड उघडून बघायला सांगा. सीट वाळल्या म्हणजे गाडी वाळली असं होत नाही, हे आम्ही शिकलो ते तीन वर्षांनी.

गॅरेजवाल्याने मोठा आकडा सांगितला तर लगेच हो म्हणू नका. कोड उतरवून घ्या, "बॅटरी आणि अर्थिंग किल्ली फिरवताना मोजलंत का?" एवढं एकच विचारा आणि उत्तर येईपर्यंत पर्स बंद ठेवा. कधी कधी कॉम्प्युटर खरंच गेलेला असेलही. पण आधी प्लग तपासायचा आणि मगच मिक्सर बदलायचा, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का?