दोन टायर आणि एक वळण

दोन वस्तूंपैकी चांगली कोणती, हा प्रश्न विचारावयास सोपा आणि सोडवावयास कठीण असतो. आमच्या विद्यार्थ्यांस मोटारींचा मोठा नाद. तेव्हा मोटारीच्या टायरांचेच उदाहरण घेऊन ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे योजिले आहे.

सन २००५ मध्ये फॉर्म्युला वन ह्या जगप्रसिद्ध मोटारशर्यतींत दोनच कंपन्या टायर पुरवीत असत. एक फ्रान्सची मिशलिन व दुसरी जपानची ब्रिजस्टोन. त्या वर्षीच्या नियमान्वये पात्रताफेरी व संपूर्ण शर्यत टायरांच्या एकाच संचावर पार पाडावी लागे. टायर फुटला अथवा बिघडला, तरच तो बदलण्याची मुभा असे. म्हणजे टायर वेगवान असून भागत नव्हते. तो शेवटपर्यंत टिकणेही अवश्य होते. ह्या कसोटीस मिशलिनचे टायर उत्तम उतरले. वर्षातील १९ शर्यतींपैकी १८ शर्यती त्यांच्यावर धावणाऱ्या गाड्यांनी जिंकल्या. केवळ गुणपत्रक पाहून निकाल द्यावयाचा, तर वाद येथेच मिटतो. परंतु उरलेली एक शर्यत विचार करावयास लावणारी आहे.

टायर म्हणजे नुसते रबराचे कडे नव्हे. त्याच्या पोटात मजबूत धाग्यांचे थर असतात, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती गाडीचा भार वाहतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ह्या भिंती दबतात व पुन्हा ताठ होतात, आणि त्या दबण्यातून उष्णता उत्पन्न होते. रबर मऊ केले, तर रस्त्यावरील पकड वाढते, पण झीजही वाढते. एक गुण वाढवू जाता दुसऱ्यास उणेपणा येतो. म्हणून टायर करणाऱ्यास आधी पुढचा रस्ता ओळखावा लागतो.

अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या मैदानात तेरावे वळण हे असे होते, की त्याचा रस्ता एका बाजूस उतरता बांधलेला होता आणि गाड्या ते पूर्ण वेगाने घेत. वळण उजवीकडे असल्यामुळे सारा भार डावीकडील चाकांवर पडे. शुक्रवार, ता. १७ जून २००५ रोजी सरावाच्या वेळी राल्फ शूमाकर ह्याच्या गाडीचा डावा मागील टायर ह्याच वळणावर निकामी झाला व गाडी भिंतीवर आदळली. चालकाचे प्राण वाचले, पण त्याला शर्यतीत उतरता आले नाही. ब्रिजस्टोनचे टायर मात्र त्याच वळणावर निर्वेध चालत होते. त्याच उद्योगसमूहातील फायरस्टोन ही कंपनी ह्या मैदानावरील दुसऱ्या मोठ्या शर्यतीस टायर पुरवीत असे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मिशलिनच्या तंत्रज्ञांनी तपास केला आणि अखेर आपल्या सातही संघांस लेखी कळविले, की त्या वळणावर वेग कमी न केल्यास दहा फेऱ्यांपलीकडे आमचे टायर सुरक्षित राहतील, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. शर्यत होती ७३ फेऱ्यांची! वळणाआधी मुद्दाम एक नागमोड घालून वेग रोखावा, अशी सूचना पुढे आली. नियामक संस्थेने ती नाकारली. ज्यांनी योग्य टायर आणले त्यांच्यावर अन्याय का करावा, हा तिचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नव्हता. रविवारी वीस गाड्या निघाल्या. परंतु प्रारंभीच्या फेरीनंतर मिशलिनच्या चौदा गाड्या मुकाट्याने बाजूस वळल्या. उरलेल्या सहा गाड्यांत शर्यत झाली. राल्फचा भाऊ मायकेल शूमाकर पहिला आला. चौथा क्रमांक फॉर्म्युला वनमधील पहिले भारतीय चालक नारायण कार्तिकेयन ह्यांना मिळाला.

त्या वेळी मी महाविद्यालयाच्या वसतिगृहात होतो व रात्री उशिरापर्यंत जागून आम्ही मित्र दूरदर्शनसंचावर हा प्रकार पाहत होतो. तेथील प्रेक्षक धिक्काराचे ओरडे करीत होते, बाटल्या फेकीत होते. माझे मित्रही मिशलिनला भित्री म्हणू लागले. मला मात्र त्या पत्रातील ‘हमी देऊ शकत नाही’ हे शब्द सर्वांत धैर्याचे वाटले. योग्य टायर न आणणे ही कंपनीची चूक खरीच, आणि ब्रिजस्टोनचे श्रेयही निर्विवाद. पण चूक झाकून चौदा जणांचे प्राण पणास लावणे तिला अशक्य नव्हते. ते तिने केले नाही. पुढे तिने तिकिटांचे पैसे परत देऊ केले, आणि पुढील वर्षाच्या शर्यतीची वीस हजार तिकिटे प्रेक्षकांसाठी विकत घेण्याचेही जाहीर केले.

शिक्षक झाल्यावर ह्या शब्दांची किंमत मला अधिक कळली. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या वर्गाची सहल घाटातून जावयाची होती. पहाटे बस आली. मी सवयीप्रमाणे चाके पाहिली. मागील दोन टायरांच्या खाचा झिजून सपाट झालेल्या. ह्या खाचांतूनच रस्त्यावरील पाणी बाहेर फेकले जाते. त्या नसल्या, की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो व गाडी चालकाच्या हाती राहत नाही. ‘गुरुजी, कालच ह्याच गाडीने घाट उतरून आलो,’ असे चालक म्हणाला, आणि ते खरेही असेल. दुसरी गाडी मिळाली नाही. मी सहल रद्द केली. मुले डबे घेऊन रडत घरी गेली. दोन पालकांनी मला बरेच सुनावले. त्या बसला पुढे अपघात झाला असे काही घडले नाही, म्हणून माझे म्हणणे सिद्ध करावयास मजजवळ आजही काही पुरावा नाही. असा पुरावा नसणे हेच बरे, असे मी मानतो.

विद्यार्थिमित्रहो, कोणता टायर चांगला असे कोणी विचारल्यास, कोणत्या रस्त्यावर व किती अंतरासाठी, हे आधी विचारा. अठरा ठिकाणी जिंकणारा एकोणिसाव्या ठिकाणी अपुरा पडू शकतो, आणि अठरा ठिकाणी मागे पडलेला तेथे उपयोगी येतो. पालकांस एवढीच विनंती, की आपल्या पाल्याचे गुणपत्रक वाचतानाही हे स्मरावे. आणि कोणी शिक्षक ‘ह्याची हमी मी देऊ शकत नाही’ असे म्हणाला, तर रागावण्यापूर्वी त्याचे कारण ऐकून घ्यावे.