कोर्सो रे उंबेर्तो, ७५

तोरिनो म्हटलं की आपल्याला फियाट आठवते. मी आलो होतो आउशवित्झमधून वाचलेल्या लेखकाचं, प्रीमो लेव्हींचं गाव पाहायला. पोर्ता नुओवा स्टेशनाबाहेर पडून सान साल्वारिओच्या गल्ल्यांत शिरलं, की घुमटांच्या मनोऱ्यांचं सिनेगॉग दिसतं, १८८४ सालचं. तिथल्या लहानशा चौकाला लेव्हींचं नाव दिलंय.

१९३८च्या वंशभेदी कायद्यांनी इथल्या ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या, मुलांच्या शाळा सुटल्या. लेव्ही तेव्हा रसायनशास्त्र शिकत होते. १९४१मध्ये त्यांना पदवी मिळाली, पण प्रमाणपत्रावर ‘ज्यू वंशाचा’ हा शेरा होता. डिसेंबर १९४३मध्ये डोंगरातल्या पार्टिझनांसोबत ते पकडले गेले आणि दोनच महिन्यांनी फोसोलीच्या छावणीतून मालगाडीत कोंबून त्यांना आउशवित्झला नेलं. डब्यात ४५ जण होते. घरी परतले चार.

आउशवित्झच्या छावणीलगत मजुरीला आलेला लोरेन्झो पेरोने हा इटालियन गवंडी सहा महिने त्यांना रोज सूप पोचवत राहिला, मोबदला न घेता. आपण जगलो ते त्याच्यामुळे, असं लेव्ही मानत.

कोर्सो रे उंबेर्तो हा दुतर्फा झाडांचा रुंद रस्ता. ७५ क्रमांकाची इमारत भारदस्त आहे, दार बंद. आत लोक राहतात, म्हणून बेल न वाजवता समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. लेव्ही १९१९मध्ये इथेच जन्मले, ऑक्टोबर १९४५मध्ये इथेच परतले आणि १९८७मध्ये इथल्याच जिन्याच्या पोकळीत पडून गेले. मधली कितीतरी वर्षं दिवसा रंग-वॉर्निशचा कारखाना आणि उरलेल्या वेळात लेखन.

छावणीवरचं त्यांचं पहिलं पुस्तक, ‘इफ धिस इज अ मॅन’, एइनाउदी या नामवंत प्रकाशनाने नाकारलं. १९४७मध्ये एका छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या. न खपलेल्या प्रती फ्लॉरेन्सच्या गोदामात पडून होत्या, त्या १९६६च्या पुरात बुडाल्या. तोवर १९५८मध्ये एइनाउदीनेच ते छापलं होतं आणि जगाने वाचायला घेतलं होतं.

शहराच्या स्मशानभूमीत ज्यूंच्या भागात त्यांची साधी कबर आहे. दगडावर नाव, सालं आणि हातावर गोंदलेला क्रमांक: १७४५१७.

तोरिनोला जाणार असाल, तर ‘इफ धिस इज अ मॅन’ आधी वाचून जा. न वाचता गेलात, तर ७५ क्रमांकाचं घर चार घरांसारखंच दिसेल.